पोराचा आकांत आणि बापाचा हात

संध्याकाळी साडेसातची वेळ. ठिय्यावर काम मिळालेला बाप दिवसभर राबून घरी आलेला. अंगावर सिमेंट, पाठ भरून आलेली. हातपाय धुवून तो जेमतेम टेकतो, तोच तीन वर्षांचं पोर मोबाईल मागतं. आई देत नाही. पोर जमिनीवर लोळण घेतं, टाचा आपटतं, भोकाड पसरतं. पत्र्याच्या भिंतीपलीकडे शेजारी, दारासमोर गल्ली. सगळ्यांना ऐकू जातंय. आई वैतागून म्हणते, "आता तुम्हीच बघा याच्याकडे." आणि बापाचा हात उठतो.

या पानावर आम्ही बहुतेक वेळा मायबहिणींशी बोलतो. लस, आहार, बाळंतपण, पाळी. यावेळी बापांशी बोलायचं आहे. हे पान घरात बाईच वाचते आणि नवऱ्याला सांगते, हे आम्हाला ठाऊक आहे. यावेळी दादांनो, तुम्ही स्वतः वाचा.

पहिली गोष्ट, जी कळली की निम्मा राग आपोआप उतरतो. लहान मूल असं थैमान घालतं तेव्हा ते बापाची परीक्षा घेत नसतं. साधारण एक ते चार वर्षांच्या वयात असे झटके येणं ही वाढीतलीच गोष्ट आहे. या वयात मुलाला हवं-नको पुरेपूर कळायला लागतं, पण ते सांगायला शब्द पुरत नाहीत. आणि आलेला राग आवरणारा मेंदूचा भाग, कपाळाच्या मागचा, सगळ्यात शेवटी पिकतो. तो पुरता तयार व्हायला विशी उलटून पंचविशी यावी लागते. तीन वर्षांच्या पोराकडे तो जवळजवळ कच्चाच असतो. उलट भीती आणि राग पेटवणारा आतला भाग जन्मापासून कामाला लागलेला असतो. म्हणजे गाडीला इंजिन आहे, ब्रेक अजून बसवायचा आहे. अशा वेळी "गप्प बस, एक-दोन-तीन म्हणेपर्यंत गप्प बस" हे पोराने ऐकायचं ठरवलं तरी त्याला जमत नाही.

मग ते शांत होतं कसं? जवळच्या मोठ्या माणसाच्या शांतपणावर. बाळ छातीशी घेतलं की त्याचा श्वास आपल्या श्वासाबरोबर सावकाश होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेलं आहे. तीन वर्षांच्या मुलाचं, आणि खरं सांगायचं तर तेरा वर्षांच्याचंही, बरंचसं तसंच असतं. समोरचा माणूस ओरडला की मुलाच्या शरीराला कळतं, धोका आहे. छाती आणखी धडधडते, आवाज आणखी चढतो. मार बसल्यावर पोर एकदम गप्प होतं, ते पुष्कळदा घाबरून गोठलेलं असतं. बापाला वाटतं, औषध लागू पडलं. प्रत्यक्षात मुलाला एवढंच कळलेलं असतं, की मोठ्याला राग आला की तो लहानाला मारतो. चार दिवसांनी ते धाकट्या बहिणीला तसाच रट्टा घालतं. ज्या मुलांना मार बसतो त्यांच्यात मारकुटेपणा वाढतो, कमी होत नाही, हे देशोदेशींच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

"आम्हीही बापाच्या पट्ट्याखाली वाढलो, आमचं काय बिघडलं?" विहारातल्या बैठकीत हा प्रश्न दरवेळी येतो. आम्ही उलट विचारतो, "वडील घरात आले की तुम्ही कुठे बसायचात?" बहुतेक जण हसतात, मग गप्प होतात. एक रंगकाम करणारे दादा म्हणाले होते, "मी मोरीत जाऊन बसायचो." त्यांचे वडील वाईट नव्हते. बारा तास राबत, मुलांना शिकवत, शाळेची फी चुकू देत नसत. पण मुलाला त्यांचं सगळ्यात पक्कं आठवत होतं ते मोरीतलं लपणं.

आता बापाच्या शरीराकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे. पोर किंचाळलं की बापाच्याही अंगात तेच होतं जे पोराच्या अंगात चाललंय. ठोके वाढतात, जबडा आवळतो, कानशिलं तापतात, हाताच्या मुठी वळतात. त्यात दिवसभरचा मुकादमाचा आवाज असतो, कापलेली मजुरी असते, पोटात भूक असते. आणि भरीला शेजाऱ्यांचे कान. आमचा अनुभव असा, की बाप मारतो त्यातले निम्मे फटके पोराच्या हट्टाला नसतात. "चार लोकांत माझं पोर माझं ऐकत नाही" या लाजेला असतात. ही लाज ओळखता आली पाहिजे. गल्लीतल्या प्रत्येक घरात पोर रडतं. रडणाऱ्या पोराने कुणाची इज्जत जात नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी बाप, मग पोर. हात उठतोय असं वाटलं की श्वास सोडा. घ्यायचा विचार करू नका, सोडायचा करा. नाकाने साधा श्वास आत आणि त्याच्या दुप्पट वेळ लावून सावकाश बाहेर, असं पाच-सहा वेळा. बाहेर जाणारा श्वास लांबला की हृदयाचे ठोके खाली येतात, ही शरीराची रचनाच आहे. ज्यांनी आनापान केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. फक्त ते शिबिरापुरतं ठेवू नका, स्वयंपाकाच्या कोपऱ्यात पोर लोळतंय तेव्हा वापरा. तेवढ्यानेही भागलं नाही तर आईला किंवा आजीला सांगून दाराबाहेर जा, तोंडावर पाणी मारा, दोन मिनिटांनी परत या. परत या हे महत्त्वाचं. निघून नाक्यावर जाऊन बसणं वेगळं.

आणि तान्ह्या बाळाच्या बाबतीत ही गोष्ट जीवावरची आहे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही बाळं संध्याकाळी तासन् तास रडतात, दूध पाजलं, लंगोट बदलला तरी रडतात. साधारण दीड महिन्याच्या सुमाराला हे रडणं सगळ्यात जास्त असतं, तीन-चार महिन्यांनी कमी होतं. रागाच्या भरात अशा बाळाला दंडाला धरून गदागदा हलवू नका, कधीच नाही. बाळाचं डोकं जड असतं आणि मान कच्ची. हलवल्याने डोक्याच्या आतल्या नाजूक शिरा फाटतात. बाळ आंधळं होऊ शकतं, दगावू शकतं. बाहेरून एक ओरखडाही दिसत नाही. सहन होईना झालं तर बाळाला गादीवर उताणं ठेवा आणि बाहेर उभे राहा. बाळ पाच मिनिटं रडल्याने काही होत नाही.

पोराजवळ आल्यावर काय करायचं? फार काही नाही. खाली बसा, म्हणजे तुमचं डोकं त्याच्या डोक्याच्या उंचीला येईल. उभा बाप जमिनीवरून फार उंच दिसतो. आजूबाजूला गॅस, विळी, गरम भांडं असेल तर ते आधी बाजूला करा. पोर डोकं आपटत असेल तर खाली गोधडीची घडी सरकवा. मग कमी बोला. "राग आलाय तुला. मोबाईल हवा होता. मी इथेच आहे." एवढंच, हळू आवाजात, दोन-तीनदा. का रडतोस, का रडतोस असं विचारत राहू नका, त्याला उत्तर ठाऊक नसतं. काही मुलांना जवळ घेतलेलं आवडतं, काहींना त्या क्षणी हात लावलेला चालत नाही. हात पुढे करून ठेवा, पोर येईल तेव्हा येईल. समजावणं, शिकवणं, "पुन्हा असं करायचं नाही" हे सगळं नंतर. शिट्टीवर असलेल्या कुकरचं झाकण आपण ओढत नाही, तसंच.

इथे एक गैरसमज काढायला हवा. करुणा म्हणजे मागेल ते देणं नव्हे. मोबाईल नाही म्हटलं तर नाही. वीस मिनिटं आकांत झाल्यावर वैतागून तो हातात दिला, तर पोर एवढंच शिकतं की वीस मिनिटं रडलं की मिळतो. पुढच्या वेळी ते पंचवीस मिनिटं रडायची तयारी ठेवून येतं. सकाळी नाही, संध्याकाळी हो, आईचं नाही, बापाचं हो, यानेही तेच होतं. नकार एकच ठेवा, पण तो देताना माणूस मुलाच्या बाजूचा आहे हे मुलाला दिसू द्या. आणि बहिणींनो, तुमच्यासाठीही एक वाक्य: दिवसभर "थांब, बाबा आले की सांगते" असं म्हणू नका. बाप घरात यायच्या आधीच तुम्ही त्याला फौजदार करून ठेवता. मग तो जवळ बसला तरी पोराला भीतीच वाटते.

आमचीही एक कबुली. आम्ही रुग्णालयात, मुलांच्या वॉर्डात नोकरीला होतो तेव्हा सलाईन लावताना रडणाऱ्या पोरांना "गप्प, नाहीतर मोठी सुई आणीन" असं म्हणायचो. नर्सिंगच्या शिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं, पण वॉर्डात सगळेच म्हणत आणि आम्हीही म्हणू लागलो. एकदा चार वर्षांचा एक मुलगा चौघांना आवरेना. दोन टोचण्या फुकट गेल्या होत्या. त्याचा बाप हमाली करणारा. त्याने विचारलं, "सिस्टर, मी बसू का याच्यापाशी?" नियमात नव्हतं. तो बसला, पोराचं पाऊल आपल्या तळव्यात धरलं आणि म्हणाला, "दुखतं रे. लई दुखतं. मी हाये." बस्स, तेवढंच म्हणत राहिला. पोर रडत होतं, पण हात ढिला पडला आणि शीर सापडली. त्या दिवसानंतर मोठ्या सुईची धमकी आम्ही सोडली.

पोराच्या चिडण्यामागे शरीराचं कारण आहे का, हेही पाहायला हवं. झोप अपुरी, पोट रिकामं, उन्हाळ्यात पत्र्याखालची काहिली, कान ठणकणं, शी घट्ट होणं, या कारणांनी शहाणं मूलही किरकिरं होतं. रात्री गुदाशी खाज येऊन झोपमोड होत असेल तर सुतासारखे बारीक जंत असू शकतात. जंतांची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत मोहिमेत फुकट मिळते, ती चुकवू नका. आणि रक्त कमी असणं, हे आपल्या घरांतलं फार मोठं कारण. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी 67 टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. असं मूल लवकर थकतं, चिडतं, कशात रमत नाही. या वयाच्या मुलांसाठी आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. त्याने शी काळी होते म्हणून घरोघरी बाटल्या फळीवर पडून राहतात. काळी होते तर होऊ द्या. सिरपच्या आगेमागे चहा तेवढा देऊ नका.

रडता रडता श्वास धरणाऱ्या मुलांबद्दल तर बापांना हमखास विचारायचं असतं, कारण ते पाहून भलेभले हादरतात. मूल जोरात रडतं, श्वास बाहेर जातो आणि आत येतच नाही. ओठ निळे पडतात, कधी मूल लुळं पडतं, क्वचित हातपायांना झटकाही येतो. सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या काही मुलांत हे दिसतं. मूल हे मुद्दाम करत नाही. बहुतेक वेळा मिनिटाच्या आत श्वास आपोआप सुरू होतो. त्या वेळी कुशीवर निजवा, तोंडात काही असेल तर दिसेल तेवढं काढा, आणि थांबा. तोंडात पाणी ओतू नका, कांदा नि चप्पल हुंगवू नका, हलवू नका, पाठीत मारू नका. पहिल्यांदा असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासायला सांगा, कारण अशा अनेक मुलांत लोह कमी असतं आणि लोह दिल्यावर हे झटके कमी होतात. मिनिट उलटूनही श्वास आला नाही, मूल सहा महिन्यांहून लहान असलं किंवा न रडताच बेशुद्ध पडलं, तर 108 ला फोन करा. हे कळल्यावर काही बाप भीतीपोटी पोराला कशालाच नाही म्हणत नाहीत. तसंही करू नका. नकार द्या, जवळ राहा.

मोठ्या मुलांचा आकांत वेगळा दिसतो. ती लोळण घेत नाहीत. दार आपटतात, ताट सरकवतात, उलट बोलतात. सहावीतली एक मुलगी एके दिवशी घरी आली आणि दप्तर भिंतीवर फेकून "मला शाळेतच जायचं नाही" म्हणून किंचाळली. पाणी भरलेली बाटली फुटली, आजीच्या अंगावर पाणी उडालं. बापाने कानाखाली मारली. ज्या शिक्षणासाठी बाप उन्हात विटा वाहतो, त्या शिक्षणाचं दप्तर पोरीने फेकलं, हे त्याला सहन झालं नाही. त्याचं दुःख आम्हाला कळतं. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात दप्तराला काय मोल असतं, हे आम्ही काय सांगावं.

चार दिवस ती बापाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बाप तुरीच्या शेंगा सोलत ओट्यावर बसला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी माझं चुकलं. मी मारायला नको होतं." ती शेजारी येऊन शेंगा सोलू लागली. अर्ध्या तासाने तिने सांगितलं. वर्गात शिष्यवृत्तीच्या यादीतल्या मुलांना उभं केलं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी जातीवरून शब्द टाकला आणि वर्ग हसला. बाई काही बोलल्या नाहीत.

दप्तर फेकलं होतं ते या हसण्यावर. बाहेर जिथे तोंड उघडता येत नाही तिथला अपमान मूल गिळतं आणि घरी आणून टाकतं, कारण घर ही त्याला सुरक्षित जागा वाटते. तिथेही मार मिळाला तर पुढच्या वेळी ते गिळूनच टाकतं. आपल्या मुलांच्या बाबतीत बापाने सावध राहायला हवं ते यासाठी. मोठं मूल एकाएकी भडकलं, शाळेचं नाव काढलं की पोटात दुखू लागलं, तर आधी विचार करा, याला बाहेर काय झालं असेल? समोर बसवून जबानी घेऊ नका. शेंगा सोलताना, सायकलवर मागे बसवून नेताना, अंधारात पडल्या पडल्या मुलं बोलतात. त्या बापाने पुढे काय केलं तेही सांगतो. दुसऱ्या दिवशी खाडा करून तो शाळेत गेला, मुख्याध्यापकांना भेटला आणि लेखी अर्ज देऊन पोच घेतली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शाळेत मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला मनाई आहे, हे त्याला विहारातल्या एका वकील ताईंनी लिहून दिलं होतं.

माफी मागितल्याने बापाचा वचक जातो, असं पुष्कळांना वाटतं. वरच्या घरात काय झालं ते पाहा. माफी एका वाक्याची असावी. "माझं चुकलं, पण तूही..." असं सुरू झालं की ती माफी राहत नाही. मज्झिम निकायातल्या अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत आपल्याच मुलाला, लहानग्या राहुलाला, खोटं न बोलण्याबद्दल सांगतात. भांड्यात उरलेलं थोडंसं पाणी दाखवून ते प्रश्न विचारतात. रागावणं नाही, दरडावणं नाही. पुढे आरशाचा दाखला देऊन सांगतात, की कुठलंही कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावरही पाहावं, याने मला किंवा दुसऱ्याला इजा होते का. आम्हाला यातलं तिसरं फार मोलाचं वाटतं. करण्याआधी सुचलं नाही, करताना थांबता आलं नाही, तरी केल्यावर पाहण्याची संधी राहतेच. हात उठून गेलेल्या बापालाही.

दारूबद्दल थोडक्यात. प्यायलेल्या बापाला यातलं काहीही जमणार नाही, श्वासही नाही. त्या रात्री पोराला शिस्त लावायला जाऊ नका, जवळही जाऊ नका. सुटत नसेल तर सरकारी रुग्णालयात व्यसनावर उपचार मिळतात, तो आजार समजून दाखवा.

कुठल्या मुलाला तपासून घ्यावं? चार-पाच वर्षांनंतरही झटके वाढतच असतील. एकेक झटका रोजच अर्धा अर्धा तास चालत असेल. मूल स्वतःला चावत, ओरबाडत असेल. दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, नावाने हाक मारल्यावर बघत नसेल. किंवा मोठं मूल "मरून जाईन" म्हणत असेल, तर थांबू नका. कमी ऐकू येणारी मुलं कितीतरी वेळा हट्टी म्हणून मार खातात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, तेच पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवतं. मनाच्या त्रासासाठी 14416 हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, रात्रीही लागतो. बापाला स्वतःच्या रागाबद्दल बोलायचं असलं तरी तोच नंबर. मुलाला कुणी त्रास देत असेल तर 1098.

पथक कधी येणार ते अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा. त्या दिवशी मुलाचं लसीचं कार्ड सोबत घ्या, आणि जमलं तर अर्धा दिवस खाडा करून यावेळी बापाने जावं.